नव्या मशीनचं पहिलं धुणं

लाँड्रीतल्या नव्या मशीनवर आशीर्वाद मागायला पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, त्यांच्याबरोबर सगळ्यांनी मिटले, फक्त चिमीचे उघडे राहिले. नव्या मशीनच्या दाराची रबरी कड एका बाजूला दुमडलेली तिला दिसली होती. ती आत्ताच सरळ करावी की 'आमेन'पर्यंत थांबावं, हे काही ठरेना. शेवटी तिनं हळूच एक पाऊल पुढे टाकलं, कड बोटानं सरळ केली आणि परत जागेवर येऊन मान खाली घातली. देवाला यात काही वावगं वाटेल असं तिला वाटलं नाही. मोठ्या वहिनीला मात्र वाटलं असावं, कारण तिचा एक डोळा उघडून पुन्हा मिटला.

चिमी हे नाव लहानपणी पडलं ते चिकटलंच. आता केसांत पांढरं दिसू लागलं होतं, लाँड्रीतली माणसं तिला 'ताई' म्हणत आणि तिच्यासमोर ओल्या हातानं बटण दाबायची कुणाची छाती नव्हती. पण घरात ती चिमीच, तिघा भावंडांतलं शेंडेफळ. लग्न करायचं राहून गेलं होतं आणि त्याची खंत तिच्यापेक्षा नातेवाइकांनाच जास्त होती. बाबा गेल्यावर कामाची वाटणी सरळ झाली. गिऱ्हाइकं दादाची, मशीनं चिमीची. मधल्या भावाच्या वाट्याला काय येणार हे ठरायच्या आतच तो बाहेर पडला. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यानं स्वतःची लाँड्री काढली आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, म्हणजे हॉस्पिटल, त्याच्या मागोमाग गेलं. तेव्हापासून घरात कुणी त्याचं नाव घेत नसे. विषय निघालाच तर 'मधला' म्हणत, जसा काही तो भाऊ नसून एखादी खोली होता.

देवाविषयी चारचौघांत बोलायला चिमी कधी उभी राहिली नव्हती. चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ आली की दादा उठे. दादाचा आवाज भरदार, देवानं आपल्यासाठी काय काय केलं हे तो असं सांगे की मागच्या बाकावरची पेंगणारी माणसंही सावरून बसत. चिमी तेवढ्यात समोरच्याच्या कॉलरची इस्त्री तपासून घेई. तिचं देवाशी जे काही बोलणं होतं ते कामाच्या जागी. सकाळी बॉयलर पेटवताना ती म्हणे, 'आज कुणाचा हात कशात सापडू देऊ नकोस.' चादरीत साबण राहिल्याचा संशय आला तर पुन्हा पाण्यातून काढायला लावी. हॉटेलातल्या पाहुण्याला अंगभर खाज सुटली तर तो ढेकणांना शिव्या देईल, लाँड्रीपर्यंत काही येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. पण ज्याला दिसायचं त्याला दिसतंच, इतका साधा तिचा विश्वास. तो तिला बाबांकडून मिळाला होता. बाबा म्हणायचे, "पापं धुवायचं काम त्यानं घेतलंय, चादरी आपल्याकडे आहेत. त्याच्या कामात आपण लुडबुडायचं नाही, आणि आपल्या कामानं त्याला खाली बघायला लावायचं नाही."

'आमेन' झालं. आई इस्त्रीच्या लांब टेबलाशेजारी खुर्चीवर बसली. वहिनीनं कपांत चहा ओतला. रविवार असल्यानं कामगार कुणी नव्हते, बॉयलर थंड होता, आणि एरवी वाफेनं धूसर असणारी ती लांबलचक खोली ओळखू न येण्याइतकी स्वच्छ दिसत होती. मधोमध नवं मशीन, पोटात एक आख्खा माणूस मावेल एवढं.

"चहा घेता घेता एक सांगतो," दादा म्हणाला. रविवारचा कडक पांढरा शर्ट त्याला शोभत होता आणि ते त्याला माहीत होतं. "सकाळी उपासनेला निघताना फोन आला. हॉस्पिटलच्या स्टोअरचे साहेब. मधल्याकडचा बॉयलर काल फुटला."

आईच्या हातातला कप थांबला. "कुणाला लागलं?"

"नाही, कुणाला काही नाही. पण लाँड्री बंद पडली. हॉस्पिटलकडे उद्या सकाळनंतर घालायला चादर नाही. साहेबांनी विचारलं, तुम्ही घेता का? उद्याचंच नाही, कायमचं. मी हो म्हटलं." तो थांबला. बोलताना त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "या आठवड्यात मशीन आलं, याच आठवड्यात हॉस्पिटल परत आलं. कुणी काही म्हणो, मी याला देवाचा हात म्हणतो."

"पेरलं ते उगवलं," आई म्हणाली आणि चहाचा घोट घेतला. मघाशी उघडलेला तिचा चेहरा पुन्हा मिटला होता.

चिमीला आनंद झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हॉस्पिटलचं धुणं गेलं तेव्हा तिला कामातला अर्धा जीव गेल्यासारखं झालं होतं. ऑपरेशनच्या हिरव्या कापडांचे ढीग, लहान मुलांच्या वॉर्डातल्या आखूड चादरी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं आणि छाती भरून आली. मग तिला मधला आठवला, लहानपणी बॉयलरच्या उबेला पाठ लावून अभ्यास करायचा तो, आणि तो आनंद ओल्या कपड्यासारखा जड झाला.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला.

आत आली ती मधल्याची बायको. व्हॅन तिनं स्वतः चालवत आणली होती. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केस कसेबसे बांधलेले. चांगल्या कपड्यांतली सगळी मंडळी, हातात कप, मधे पाळकसाहेब, हे पाहून ती उंबऱ्यावरच थबकली. मग कुणाकडे न बघता सरळ चिमीशी बोलली.

"ताई, आमचा बॉयलर फुटलाय. हॉस्पिटलचं सगळं धुणं गाडीत आहे, अर्धं ओलं, अर्धं तसंच मळलेलं. दोन ठिकाणी जाऊन आले, रविवार म्हणून दोन्हीकडे कुलूप. आजच्या दिवस तुमची मशीनं वापरू द्या. साबण आम्ही आणलाय."

"रविवारी इथेही मशीन चालत नाही," दादा म्हणाला.

"माहीत आहे, दादा. दार उघडं दिसलं म्हणून आले."

"त्यानं पाठवलं तुला?" आईनं विचारलं.

"नाही, आई. ते म्हणाले, जाऊ नकोस, तिथे कुणी उभं करणार नाही. ते तिकडे फुटक्या बॉयलरशी बसलेत."

दादा मनानं वाईट नव्हता. तिला अंधारात ठेवून पाठवणं त्याला जमेना. हॉस्पिटलचा फोन, आपण दिलेला होकार, सगळं त्यानं सरळ सांगून टाकलं. ती ऐकत राहिली. रडली नाही, भांडलीही नाही. "म्हणजे मला उशीर झाला," एवढंच म्हणाली, आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

चिमीनं हातातला कप टेबलावर ठेवला.

"दादा," चिमी म्हणाली, "सकाळपासून माहीत होतं तुला. उपासनेत माझ्या शेजारी बसून गीतं म्हणत होतास."

"मग मी काय चोरी केली? फोन त्यांनी केला, मी नाही. त्यानं आपलं गिऱ्हाईक नेलं तेव्हा तो आला होता का विचारायला? आणि मी कितीतरी दिवस गुडघे टेकून मागत होतो की हे मशीन नुसतं उभं राहू नये."

"मीही तेच मागत होते."

"मग उत्तर आलं ना?"

"आलं. पण कुठलं उत्तर, दादा? सकाळी फोन आला ते, की आत्ता गाडी आली ती?"

दादानं पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी बिस्किटाचा तुकडा घाईनं गिळला. "मला मशीनसाठी बोलावलंय, निवाड्यासाठी नाही," ते म्हणाले. मग त्यांनाच ते अपुरं वाटलं असावं. "एवढं सांगतो. देवाची इच्छा अगदी माझ्या मापाची निघाली की मी ती एकदा उलटून बघतो. शिवण आतून कशी आहे ते कळतं."

"हे उपदेशात ठीक आहे, साहेब. मी शब्द देऊन बसलोय. हो म्हटलं की हो, हे बाबांनीच शिकवलं आम्हाला."

आता बोलली ती वहिनी, जिनं इतक्या वर्षांत चारचौघांत नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ती कपबशा गोळा करत होती आणि बोलतानाही थांबली नाही.

"सकाळी आपण दोघं एका गाडीतून चर्चला गेलो. तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"विसरलो असेन."

"चांगली बातमी माणूस विसरत नाही. दडवतही नाही."

दादाचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा झाला. तो नव्या मशीनला टेकून उभा राहिला आणि आपल्या बुटांकडे बघू लागला. चिमीला वाटलं, चला, घोडं हललं. पण घोडं अडलं होतं ते वेगळ्याच जागी.

"मशीन चालणार नाही," आई म्हणाली.

सगळे वळले. चिमीनं गृहीतच धरलं होतं की आई आपल्या बाजूची. पहाटे उठून प्रार्थना करणारी, आजाऱ्याच्या उशाशी जाऊन बसणारी, मंडळीत कुणाचं बिनसलं तर आधी जिला बोलावणं जायचं ती आई.

"रविवार आहे," ती पुढे म्हणाली.

"आई, खड्ड्यात पडलेल्या जनावराला बाहेर काढायला कुणी वार बघत नाही. तूच शिकवलंस."

"जनावर सांगून जात नाही. माणसानं सांगून जावं." आईचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तो गेला ते मला शेजारणीनं सांगितलं. ती विचारते, धाकट्याची नवी लाँड्री कशी चाललीय, आणि मी तिच्या दारात उभी. मला धाकटा आहे की मधला हेही तिला धड माहीत नव्हतं, पण माझ्या मुलाचं तिला माहीत होतं आणि मला नाही."

हे आईनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीच्या हातातल्या कपबशा वाजायच्या थांबल्या. चिमी आईच्या खुर्चीपाशी जाऊन उकिडवी बसली.

"तू त्याचं नाव टाकलंस का, आई? प्रार्थनेतून?"

"नाही. रोज घेते."

"काय मागतेस?"

"काय मागणार? देवानं त्याला सांभाळावं. पडू देऊ नये."

"मग देवानं पाठवायचं कुणाला? आभाळातून बॉयलर तर येणार नाही. कुणाच्या तरी मशीनमध्येच त्या चादरी जाणार. आपल्यात तूच त्याच्यासाठी रोज मागतेस, आणि आज ते मागणं दारात आलंय तर तू म्हणतेस रविवार आहे."

आई नाही म्हणाली नाही, हो तर नाहीच. तिनं मान वळवून खिडकीकडे पाहिलं, जिथून व्हॅनची मागची बाजू आणि तिला टेकलेली सून दिसत होती.

चिमी उठली. आपल्याला भीती वाटत नाहीये याचं तिचं तिलाच नवल वाटलं. एरवी दादाशी मतभेद झाला की तिचे तळवे ओले व्हायचे. आज बॉयलरपाशी सकाळी वाटायचं तसंच वाटत होतं, की काम समोर आहे, ते नीट करायचं आहे, बाकी त्याच्याकडे.

"गिऱ्हाइकं तुझी, दादा, आणि मशीनं माझी. मशीन आज चालणार. तू साहेबांना काय शब्द दिलास? चादरी पोचतील, हाच ना? पोचतील. त्याच्या गाडीतून, त्याच्या नावानं. त्याचा बॉयलर उभा राहीपर्यंत त्याचं धुणं इथे होईल."

"आणि कायमचं काम मिळत होतं त्याचं काय? मी फोन करून सांगू, की आम्हाला नको?"

"मी सांगू का?"

दादा मशीनपासून दूर झाला. "नको," तो शेवटी म्हणाला. "शब्द माझा होता. मोडायचा तर मीच मोडतो." आणि तो फोन घेऊन मागच्या दारानं बाहेर गेला.

चिमी त्याची वाट बघत थांबली नाही. तिनं बॉयलर पेटवला. वहिनी आणि मधल्याची बायको, दोघींनी मिळून गाठोडी आत आणली, पहिल्या दोन फेऱ्या दोघी गप्प होत्या, तिसऱ्या फेरीत वहिनी म्हणाली, "एवढा वजनदार साबण कशाला उचलून आणलास, इथे काय दुष्काळ होता?" आणि ती पहिल्यांदा हसली. पाळकसाहेबांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि आपल्याला काही काम आहे का, असं विचारलं. चिमीनं त्यांना ड्रायरपाशी उभं केलं आणि बजावलं की ती सांगेपर्यंत कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. त्यांनी तो नियम इतक्या भक्तीनं पाळला की ड्रायर थांबून बराच वेळ झाला तरी ते हात मागे बांधून उभेच.

दादा परत आला तेव्हा नवं मशीन पहिल्यांदाच फिरत होतं. आवाज मऊ होता, जुन्या मशीनसारखी खडखड नाही. तो चिमीशेजारी येऊन उभा राहिला.

"हॉस्पिटलचे साहेब थांबतील. बॉयलर होईपर्यंत."

"बरं झालं."

"तुझं पटलं म्हणून केलं नाही मी."

"मग?"

"साहेबांनी विचारलं, तुमचा भाऊ पुन्हा उभा राहील का, खरं सांगा. नाही म्हणालो असतो तर तिथेच सगळं मिटलं असतं. तोंडही उघडलं मी. पण शब्द निघाला नाही." त्यानं बाहीची बटणं काढली. "म्हटलं, राहील. माझा भाऊ आहे तो. राहील."

चिमीनं त्याच्याकडे एक गाठोडं सरकवलं. कडक पांढरा शर्ट घालून दादानं हॉस्पिटलच्या मळक्या चादरी वेगळ्या काढायला घेतल्या, आणि साक्ष देताना तो जेवढा मन लावून बोलायचा तेवढ्याच मनापासून त्या कामाला लागला.

मधल्याला त्याच्या बायकोनं फोन केला होता. तो आला तेव्हा ऊन उतरलं होतं. दारात उभा राहिला, कपड्यांवर काजळी, एका हाताला फडकं गुंडाळलेलं. खोलीत वाफ भरली होती आणि वाफेत भाऊ, वहिनी, बायको, चर्चचे पाळकसाहेब, सगळे त्याचं धुणं धूत होते. त्याला आत पाऊल टाकता येईना.

"हात धू आधी," चिमी म्हणाली. "आणि त्या कोपऱ्यातल्या धुतलेल्या चादरींना असा हात लावलास तर बघ."

त्यानं हात धुतले. दादानं त्याच्याकडे न बघता विचारलं, "पाइप फुटला की झडप?"

"झडप."

"उद्या येतो बघायला. बाबांच्या वेळी फुटली होती तेव्हा मी होतो सोबत."

बस्स, एवढंच. पुढे दोघं एका मशीनच्या दोन बाजूंना काम करत राहिले, आणि मधेच कधीतरी चिमीनं पाहिलं तर दादा काहीतरी सांगत होता आणि मधला मान हलवत होता.

आई मात्र खुर्चीवरच होती. वाळलेल्या चादरी तिच्यासमोरच्या टेबलावर साठत गेल्या. ज्या बाईनं जन्मभर चादरींच्या घड्या घातल्या, तिला तो चुरगळलेला ढीग किती वेळ बघवणार? शेवटी ती उठली. वरची एक ओढली, झटकली, आणि हात पसरून घडी घालायला लागली. चादर मोठ्या पलंगाची होती. आई म्हातारपणानं खुजी झाली होती. एक टोक धरलं की दुसरं टेबलाखाली जाई, दुसरं धरलं की पहिलं सुटे. वहिनी मदतीला निघाली तसा चिमीनं तिचा दंड धरला.

मधल्यानं पाहिलं. तो गेला आणि खाली लोंबणारं टोक त्यानं उचललं.

आईनं मागे सरून चादर ताणली.

"कोपरा नीट धर," ती म्हणाली. कित्येक वर्षांत ती त्याच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट.

त्यानं कोपरा नीट धरला. दोघांनी चादर मधोमध दुमडली, पुन्हा ताणली, आणि मग घडी घालताना चालतात तसे एकमेकांच्या दिशेनं चालत आले. टोकं टोकांना लागली. त्याच्या हातातली बाजू आईनं आपल्या हातात घेतली, पण त्याची बोटं लगेच सोडली नाहीत. फडकं बांधलेला हात तिनं उलटा करून पाहिला.

"भाजलं?"

"थोडं."

"सांगून जायचं होतंस," आई म्हणाली.

हे हातापुरतं नव्हतं, ते त्याला कळलं. "हो, आई," तो म्हणाला. "चुकलं."

आईनं घडी टेबलावर ठेवली आणि तळव्यानं तिच्यावरून एकदा हात फिरवला. ढीग अजून मोठा होता. तिनं पुढची चादर उचलली आणि तिची दोन टोकं त्याच्या हातात दिली.